मनुकांचा रस

मागच्या वर्षी गुड फ्रायडेच्या आठवड्यातली गोष्ट. सोमवार होता, दुपारी दोनचा सुमार, डोनर कोणी नव्हते, आम्ही डबे उघडून बसलेलो आणि आमच्या रक्तपेढीतल्या मावशी एकदम म्हणाल्या, "मॅडम, राग नका मानू, पण तुमच्या देवाचं सगळं रक्तावरच का ओ असतं?" झालं असं होतं की शेजारणीनं रविवारी त्यांना कुठल्याशा प्रार्थनासभेला नेलेलं, तिथे दोन तास माइकवरून येशूचं रक्त, रक्तानं झाक, रक्तात धू, हेच चाललेलं, आणि मावशी पडल्या साताऱ्याकडच्या माळकरी, अंड्याचं भांडं वेगळं ठेवणाऱ्या, त्यांचं डोकंच गरगरलं. म्हणाल्या, "आपण हितं दिवसभर रक्तच बघतो, देवाच्या दारात तरी जरा फुलं-बिलं असावीत की."

मी म्हटलं, अहो मावशी ते प्रतीक असतं. आणि भेंडीची भाजी पुढे सरकवली. प्रतीक हा शब्द आपल्याला काही सांगता येत नसलं की फार कामाला येतो.

पण ते डोक्यात राहिलं. मी जन्मानं ख्रिस्ती, भायखळ्याच्या चाळीत वाढलेली, मूळ नगरकडचे आम्ही, आणि 25 वर्षांहून जास्त एका सरकारी हॉस्पिटलच्या रक्तपेढीत टेक्निशियन. म्हणजे रविवारी रक्ताची गाणी म्हणायची आणि सोमवारी रक्ताच्या पिशव्या मोजायच्या. या दोन रक्तांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मला इतक्या वर्षांत कधी वाटलंच नव्हतं. चर्चमधलं रक्त पाठांतरातलं, त्याला वास नाही. फ्रीजमधलं रक्त 2 ते 6 डिग्रीत ठेवायचं, 35 दिवसांत वापरायचं, नाहीतर फेकायचं.

लहानपणी एकदा मात्र मला शंका आली होती. संडे स्कूलला बायबलातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातलं वचन पाठ करायला दिलेलं, मोठ्या संकटातून आलेल्या लोकांनी आपले झगे कोकऱ्याच्या रक्तात धुतले आणि शुभ्र केले. मी आईला विचारलं, रक्तात धुतल्यावर पांढरं कसं होणार? आई तेव्हा नळावर दादाचा शाळेचा शर्ट घासत होती, त्यानं कुठेतरी गुडघा फोडून घेऊन शर्टाला पुसलेला. ती म्हणाली, "ते देवाचं आहे, त्यात डोकं घालू नको. तू गार पाणी आण. गरम नको, गरमानं डाग बसतो."

पुढे शिकले तेव्हा कळलं आई शास्त्रशुद्ध बोलत होती. रक्तातली प्रथिनं गरम पाण्यानं गोठतात आणि धाग्याला चिकटून बसतात, म्हणून गारच पाणी लागतं. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फसफसून फेस येतो, डाग फिका होतो, पण बारीक पिवळट कड राहते ती राहतेच, माझ्या कुठल्याही जुन्या एप्रनला बघा.

आमच्या घराण्यात हे देवाचं रक्त आलं कुठून तेही सांगते, कारण ते मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त पटतं. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावात महारकीची कामं करायचे. मरीआईच्या जत्रेला रेडा कापला जायचा, त्याचं मुंडकं यांच्या डोक्यावर ठेवायचे आणि ते घेऊन, तोंडावर अंगावर रक्त ओघळतंय अशा अवस्थेत, यांनी गावाच्या शिवेवरून फिरायचं. म्हणजे पटकी गावात शिरणार नाही. अख्ख्या गावाची इडापिडा यांच्या डोक्यावर, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात यांच्या सावलीचा विटाळ. मग कधीतरी मिशनचा एक देशी उपदेशक आला, झाडाखाली बसून सांगायला लागला की शेवटचा बळी झालेला आहे. एकदाच झाला, सगळ्यांसाठी झाला, आणि तो माणसानं देवाला दिला नाही, देवानंच स्वतःचा दिला. आता कोणी काही कापायचं नाही. आज्जी सांगायची की पणजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "म्हंजी मुंडकं न्याया लागणार नाय?" उपदेशक म्हणाला, नाही. "मंग मी येतो."

आज्जी हे सांगून हसायची. मोठेपणी कोणीतरी मला हे धर्मांतर कसं वरवरचं होतं याचं उदाहरण म्हणून समजावून सांगितलेलं, म्हणे त्यांना येशू कुठे कळला होता. मला तर वाटतं पणजोबांना बायबलातलं इब्री लोकांस लिहिलेलं अख्खं पत्र एका वाक्यात कळलं होतं. त्या पत्रात दुसरं आहे काय! बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्तानं पापं जाणं शक्य नाही, वर्षानुवर्षं तेच तेच अर्पण करत राहण्यात अर्थ नाही, एकदा झालं ते कायमचं झालं. ज्याच्या डोक्यावर दरवर्षी मुंडकं ठेवलं जातं त्याला "एकदाच" या शब्दाची किंमत कळते. ग्रीक यायला लागत नाही.

तर त्या सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर मी बायबल काढून बसले. याला अजून एक कारण होतं, ते सांगायचं राहिलं. गुड फ्रायडेला आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते, येशूनं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, आणि त्या वर्षी पाळकसाहेबांनी पहिला उद्गार माझ्या गळ्यात घातला होता. "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." वर शनिवारच्या महिला मंडळाच्या मीटिंगमध्ये मी नसताना ठरलेलं की गुरुवारच्या प्रभुभोजनाचा द्राक्षरस, येशूचं रक्त म्हणून आम्ही घोटभर पितो तो, पण मीच करायचा. नसलेल्या माणसावर काम टाकायची पद्धत आमच्यात पण आहे.

लेवीय हे पुस्तक सहसा कोणी वाचत नाही, जानेवारीत बायबल पहिल्यापासून वाचायला घेतलेले लोक फेब्रुवारीत इथेच अडकतात. मी मात्र यावेळी टेक्निशियनच्या नजरेनं वाचलं आणि मला ते चक्क आमच्या एसओपीसारखं, लॅबच्या लेखी कार्यपद्धतीसारखं वाटलं. कुठल्या प्राण्याचं, किती रक्त, कुठे लावायचं, उरलेलं कुठे ओतायचं, हात कधी धुवायचे. आणि सतराव्या अध्यायात त्या सगळ्याचं कारण, की शरीराचा जीव रक्तात असतो. म्हणून ते खायचं नाही, ते आपलं नाही. हे मी मावशींना सांगायला हवं होतं. रक्त म्हणजे मरण असं आपल्याला वाटतं कारण आपण ते बाहेर सांडलेलंच बघतो, पण त्या लोकांच्या लेखी रक्त म्हणजे जीव. वेदीवर रक्त लावणं म्हणजे जीव त्याच्या मालकाकडे परत नेऊन ठेवणं. देवाला रक्ताची तहान लागलीय असं त्यात कुठेच नाही, उलट मीखा, होशेय हे संदेष्टे ओरडून ओरडून सांगतात की यज्ञ नको, दया करा, न्यायानं वागा.

मग सोळावा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस. दोन बकरे आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एक परमेश्वराचा, त्याचं रक्त मुख्य याजक आतल्या परमपवित्रस्थानात नेऊन शिंपडणार. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची सगळी पापं तोंडानं कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. आपण मराठीत बळीचा बकरा म्हणतो तो कापला जातो. पण लोकांची पापं ज्याच्या डोक्यावर ठेवली तो बकरा त्या दिवशी कापलेला नाही, तो चालत गेलाय. पापं घेऊन, पुन्हा दिसणार नाही इतका लांब. मला पणजोबांची शीव आठवली. तिथे मुंडकं घेऊन फिरणारा माणूस परत त्याच गावात यायचा ना, पुढच्या वर्षी परत फिरायला.

आणि मग एक गोष्ट सापडली जी मी पन्नाशी ओलांडेपर्यंत एकाही प्रवचनात ऐकली नव्हती. पाचवा अध्याय. पाप झालं तर मेंढी नाहीतर शेळी आण. ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आण. (येशू जन्मला तेव्हा मरिया आणि योसेफनं मंदिरात पक्ष्यांचंच अर्पण केलं असं लूक लिहितो, म्हणजे कोकरू परवडत नव्हतं.) आणि तेही परवडत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ आण. सपीठ! दोनेक लिटरच्या मापाचं पीठ. त्यावर तेल घालू नको, धूप ठेवू नको, याजक त्यातलं मूठभर वेदीवर जाळेल, आणि त्याला क्षमा होईल. बकरा आणणाऱ्याला जी क्षमा, तीच. रक्ताचा एक थेंब नाही. "रक्त ओतल्यावाचून क्षमा नाही" हे वचन आम्ही लहानपणापासून घोकलं, पण त्याच वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात "बहुतेक सर्वकाही रक्तानं शुद्ध होतं" असं आहे, त्यातल्या "बहुतेक"मध्ये गरिबाचा पिठाचा डबा बसलाय हे कोणी दाखवलं नाही. मी उठून पाणी प्यायले. देवाला रक्ताचा हट्ट असता तर पिठावर भागलं असतं का?

मला माझगावची शाळेतली मैत्रीण आठवली. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी यहुदी, घरात आमच्यापेक्षा चांगलं मराठी. तिची आज्जी योम किप्पुरला, म्हणजे त्याच प्रायश्चित्ताच्या दिवसाला, "दारफळणीचा सण" म्हणायची, दारं लावून घ्यायचा सण, पांढरे कपडे, कडक उपास, बाहेरच्या कोणाशी बोलणं नाही. मी तिला विचारलेलं की तुमचे बकरे कुठेत, आमच्या बायबलात तर दोन लिहिलेत. तिची आई हसली, म्हणाली, "अगं मंदिरच नाही तर बकरा नेणार कुठं?" रोमनांनी यरुशलेमचं मंदिर सन 70 मध्ये पाडलं, तेव्हापासून बळी बंद. आता उपास, प्रार्थना, दानधर्म आणि तोंडानं कबुली. नवस फेडायला त्यांच्याकडे मलिदा असतो, एलियाहू हन्नबी म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावानं, पोहे, ओला नारळ, साखर, फळं, मी ताटभर खाल्लाय. आणि त्या बाईंनीच सांगितलेलं एक वाक्य माझ्यात तेव्हापासून काट्यासारखं आहे. देवाविरुद्ध केलेलं पाप योम किप्पुरला धुतलं जातं, पण माणसाविरुद्ध केलेलं नाही, आधी त्या माणसाला जाऊन मनवायला लागतं. हे त्यांच्या मिश्ना या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात आहे, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू तेच सांगतो, की वेदीशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं काही आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर. "भावाशी". दुसरं कोणतंही नातं चाललं असतं खरं तर.

जाता जाता, हीच मैत्रीण नंतर इस्राएलला गेली, आणि तिच्या लोकांवर युरोपात शेकडो वर्षं आमच्या लोकांनी "ह्याचे रक्त आमच्यावर" या मत्तयातल्या, यहुदी जमावाच्या तोंडच्या एका ओळीवरून काय काय केलं ते वाचलं तेव्हा मी आठवडाभर कोणाशी नीट बोलले नाही. व्हॅटिकननं 1965 मध्ये सांगितलं की येशूच्या मरणाचा दोष सगळ्या यहुद्यांवर ठेवता येत नाही. 1965! क्षमेसाठी सांडलेल्या रक्ताचा असा उपयोग करणारे आपणच.

आता येशूच्या मरणानं क्षमा नेमकी मिळते कशी, यावर चर्चमध्ये दोन हजार वर्षं वाद आहे. सुरुवातीच्या काहींचं म्हणणं, आपण सैतानाच्या कैदेत, त्याला खंडणी द्यायला लागली. मराठी बायबलात मार्कच्या दहाव्या अध्यायात शब्द खरंच "खंडणी" आहे, आणि मुंबईत वाढलेल्या माणसाला खंडणी म्हटलं की भाईचा फोन आठवतो, त्यामुळे माझं मन तिथे लागत नाही. 11व्या शतकाच्या शेवटी कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म म्हणाला, देवाचा मान आपण बुडवला, ती भरपाई माणसानं द्यायची पण देवालाच शक्य होती, म्हणून देव माणूस झाला. पुढच्या शतकात पॅरिसला आबेलार म्हणाला, असं काही नाही, त्या प्रेमाकडे बघून आपलं दगडाचं काळीज फुटावं म्हणून ते होतं. आणि मग युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळापासून आमच्या प्रॉटेस्टंट लोकांत पक्कं बसलेलं चित्र, की शिक्षा आपल्याला व्हायची होती, ती त्याला झाली. हे चित्र वाईट रीतीनं रंगवणारे इतके ऐकलेत, रागावलेला बाप आणि मार खाणारा मुलगा, की शेवटी मावशींसारखंच होतं. बाप मारतोय आणि मुलगा मरतोय असं नाहीये ते, पौल स्पष्ट लिहितो की देव ख्रिस्तामध्ये होता. जो रागावलाय तोच मार खातोय. ते वेगळं आहे.

मला स्वतःला हे कळलं ते प्रभूच्या प्रार्थनेतल्या एका ओळीनं आणि पेपरातल्या कर्जमाफीनं. आमची प्रार्थना म्हणते, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." पापं नाही, ऋणं. आणि ऋण सोडणं म्हणजे काय ते महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. 2008 ला केंद्रानं, 2017 ला आणि परत 2019 ला राज्यानं कर्जमाफी केली. माफ झालं म्हणजे पैसे हवेत विरले का? बँकेच्या वहीतला आकडा कोणीतरी भरला, सरकारनं भरला, म्हणजे सरकारी तिजोरी तेवढी रिकामी झाली. माफी फुकट असते ती घेणाऱ्याला. देणाऱ्याच्या खिशातून पूर्ण रक्कम जाते. ज्याचं बुडालं तोच परत भरतो, हा त्यातला खरा अन्याय आहे आणि दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं माफी होतच नाही. वधस्तंभाकडे मी आता असं बघते, बुडालेलं ज्याचं होतं त्यानंच ते भरलं, आणि त्याच्याकडे भरायला जीव होता म्हणून रक्त.

हे मी इतक्या ऐटीत लिहितेय, पण माझी स्वतःची वही बघा. पप्पा छापखान्यात कंपॉझिटर होते, चाळीतली पागडीची खोली त्यांच्या नावावर, 2009 ला ते गेले. दादानं आईची सही घेऊन भाडेपावती स्वतःच्या नावावर करून घेतली, मला कळलं ते बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा. विचारलं तर म्हणाला, "तुझं लग्न झालंय, तुला घर आहे, तुला कशाला?" बस. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. आईच्या शवपेटीच्या एका बाजूला तो आणि एका बाजूला मी, मधून पाळकसाहेब. आम्ही एकाच चर्चला जातो हे विशेष, तो डावीकडे तिसऱ्या बाकावर, मी उजवीकडे मागे. प्रभुभोजनाच्या ट्रेमधले छोटे ग्लास आधी त्याच्याकडे जायचे मग माझ्याकडे यायचे, एकच रक्त आम्ही दोघं प्यायचो आणि जिन्यात एकमेकांना वाट देताना भिंतीकडे बघायचो. माझ्या मोबाइलच्या नोट्समध्ये हिशोब होता. 180 स्क्वेअर फूट, नवीन जागा किती, भायखळ्याचा भाव काय, भागिले दोन. भाव वाढला की मी आकडा अपडेट करायचे. रात्री दोनला. खरंच करायचे.

आणि मला पहिल्या उद्गारावर बोलायचं होतं.

मंगळवारी दिवसभर ते वाक्य डोक्यात. क्रॉसमॅच करताना, लेबल लावताना. आणि मग एक साधी गोष्ट लक्षात आली, मी कितीतरी वेळा वाचूनही न पाहिलेली. येशू तिथे "मी तुम्हांला क्षमा करतो" असं म्हणत नाही. दुसरीकडे म्हणालाय, पक्षाघात झालेल्या माणसाला म्हणालाय, त्या पापी बाईला म्हणालाय. इथे नाही. इथे तो बापाला म्हणतो, तू कर. खिळे नुकतेच ठोकलेत. देवशास्त्राचे लोक याचं काय करतात मला माहीत नाही, पण मला हायसं वाटलं. आज माझ्याच्यानं होत नसेल तर "तू कर" म्हणायची सोय आहे, आणि ती सोय स्वतः त्यानं वापरलीय.

त्याच दुपारी लेबर वॉर्डातून फोन आला, बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नाही, ओ निगेटिव्ह, दोन बॅग, पळत. असे फोन आमच्याकडे सारखे येतात, मावशी बॅग घेऊन अक्षरशः पळतात. ती बॅग कोणाची होती? दादरच्या एका कॅम्पमध्ये कोणीतरी बिस्किट-कॉफी घेऊन दिलेली, आता नंबर आहे, नाव नाही. देणाऱ्याला माहीत नाही कोणाला गेलं, घेणारीला माहीत नाही कोणाचं. पूर्वी रक्त विकणारे असायचे, आमच्या सीनियर सांगायच्या, हॉस्पिटलबाहेर रांगेत बसलेले, पिवळे पडलेले लोक. 1996 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते बंद झालं, 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देता येत नाही. रक्ताची किंमतच लावायची नाही असं या देशाच्या कोर्टानं सांगितलं आणि पेत्राच्या पत्रातलं "सोन्यारुप्यानं नव्हे, मोलवान रक्तानं" मला सुप्रीम कोर्टातून समजलं म्हणायला हरकत नाही.

मावशी परत आल्या, घामाघूम. "वाचली," म्हणाल्या. "पोरगं बी चांगलंय." मग खुर्चीवर टेकून, "बाईच्या जातीला रक्त दिल्याबिगर काय मिळतच नाय बघा." मी बघतच राहिले. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 ला या मुंबईतच झाला, आणि त्या माणसानं ख्रिस्ताला माउली म्हटलं. वेदीवरच्या कोकऱ्यापासून सुरू केलं की रक्ताचा एक अर्थ लागतो आणि माउलीपासून सुरू केलं की पूर्ण वेगळा. लेबर वॉर्डात पण रक्त सांडतं, तिथे कोणी कोणाला शिक्षा करत नसतं. मी मावशींना म्हटलं, "तुम्ही काल विचारलं होतं ना, आमच्यात रक्त का. हे तुम्ही आत्ता बोललात तेच." त्यांना काही कळलं नाही. त्या चहा आणायला गेल्या.

एक शब्दाचं राहिलंय, आवडतं म्हणून सांगते. क्षमा हा शब्द क्षम् धातूपासून, त्याचा मूळ अर्थ सहन करणं, पेलणं. आणि संस्कृतात क्षमा हे पृथ्वीचं एक नाव आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइन आपल्या भावाला, हाबेलला मारतो तेव्हा देव म्हणतो, तुझ्या भावाचं रक्त भूमीतून माझ्याकडे ओरडतंय, भूमीनं तोंड उघडून ते घेतलंय. पहिलं सांडलेलं रक्त भावाचं, आणि ते घेणारीचं नाव क्षमा. ती गिळते पण गप्प बसवत नाही, ओरडू देते. मला आपल्या सगळ्या उपदेशांमध्ये हेच कमी वाटतं, क्षमा कर म्हणजे विसर, विषय काढू नको, घरची गोष्ट आहे. खोली गेली ती गेली हे मी म्हणणारच. इब्रीच्या पत्रात येशूचं रक्त हाबेलच्या रक्तापेक्षा उत्तम बोलतं असं आहे, म्हणजे तेही बोलतंच.

तर मंगळवारी रात्री मनुकांचं भिजवायचं होतं. आमच्याकडे द्राक्षरस म्हणजे वाइन नसते, काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून केलेला रस. आमच्या चर्चला वर्षानुवर्षं आईच करायची, तिच्यासारखा रंग कोणाला आला नाही, आणि माप तिनं कुठेही लिहिलेलं नाही. मी तिच्या हाताखाली कधी नव्हतेच, माझी शाळा-अभ्यास-ट्यूशन. मनुका आणायला भायखळ्याच्या मार्केटात दादा जायचा, पातेलं उतरवायला, फडक्याचं दुसरं टोक धरून पिळायला दादाच. माप माहीत असलेला जगात एकच माणूस उरला होता. मी यूट्यूबवर पण बघितलं, खोटं कशाला बोलू. तिथे सगळे साखर आणि यीस्ट घालतात.

साडेदहाला फोन लावला. तीन रिंग.

"बोल."

"आई रस करायची त्याला पाणी किती?"

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "किती माणसांचा?"

"दीडशे."

"एक किलोला अडीच लिटर. रात्रभर भिजव. कुकर लावू नको, पातेल्यातच. एक लवंग टाकायची ती, एकच, उकळी आली की काढून टाक. साखर नाही." मग थोडं थांबून, "फडकं कुठलं वापरणारेस?"

"आहे एक ओढणी जुनी."

"ओढणीनं होत नाही. आईचं माझ्याकडे आहे."

बुधवारी दुपारी तो हॉस्पिटलच्या गेटवर आला. केस पांढरे झालेत, चर्चमध्ये मागून बघून ते मला कळलेलं होतं पण समोरून वेगळं दिसतं. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं मलमलचं फडकं, मधोमध तपकिरी डागांचा नकाशा, आमच्याकडे कोणी बघितलं तर सुकलेलं रक्तच म्हणेल. मी ते हातात घेतलं, त्यानं घड्याळ बघितलं, मी म्हटलं चहा घेणार का, तो म्हणाला नको, ऑफिसातून सांगून आलोय. खोलीचं मी काही काढलं नाही. त्यानंही नाही. मोबाइलमधला तो हिशोब अजून तिथे आहे, फक्त भाव जुना झालाय.

टॅक्सीला हात करता करता तो मागे वळला. "आणि ऐक, मनुकांचं बिल खजिनदाराकडे दे. सातआठशे रुपये होतात. आई मेली पण एकदा पण मागितले नाहीत तिनं. तू सोडू नकोस."

"नाही सोडत," मी म्हटलं. आणि मला जे हसू आलं ते लिफ्ट वर पोचेपर्यंत थांबेना, लिफ्टमन विचारायला लागला काय झालं मॅडम.